साठाचा पेला आणि सहा नंबरची बाटली

मित्रांनो, मी स्टीलचा मापाचा पेला आहे, आणि सुरुवातीलाच मान खाली घालून सांगतो की मी एकदा खोटं बोललो. पेल्याने खोटं बोलायचं म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. ज्याचं कामच साठ मिली मोजून देणं आहे, त्याने पन्नास द्यायचे आणि साठ दिल्याचा आव आणायचा, याला मला तरी दुसरा शब्द माहीत नाही. माझ्या गोष्टीत रम आहे, म्हणून ती खरं तर मोठ्यांनी वाचावी. लहानांना ऐकायचीच असेल तर त्यांनी रमच्या जागी सरबत समजावं. सरबतातही मी तेवढाच खोटा ठरलो असतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राने साच्यात दाबली, तिचा मी झालो. मग कड घासली, फिरत्या चाकावर धरून अंगाला चकाकी आणली आणि काठाच्या थोडं खाली, आतल्या बाजूने, एक बारीक रेघ कोरली. त्या रेघेपर्यंत भरलं की साठ मिली. तपासणीच्या टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ बसायचे. ते प्रत्येक पेल्यात रेघेपर्यंत पाणी भरून वजन करायचे. माझ्या आधीचे तीन पेले त्यांनी काही न बोलता भंगाराच्या टोपलीत टाकले. माझं वजन मात्र दोनदा केलं आणि शेजारच्याला दाखवलं की हा बघ, केसाचाही फरक नाही. तेव्हा माझं नाक जे वर गेलं ते बरीच वर्षं खाली आलं नाही. माझ्या बुडाचा पत्रा जरा पातळ होता. ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही गप्प बसलो.

मला विकत घेतलं ते औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंनी. धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही मनातल्या मनात ताईच म्हणतो. ताई बारा वर्षं औषधं मोजत होत्या. लहान बाळांच्या पातळ औषधाचा थेंबसुद्धा त्यांच्या हातून कधी जास्त पडला नव्हता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरीही तोच शिरस्ता. चहाची पावडर मोजून, मीठ मोजून. त्यांचे यजमान, मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. मनमोकळा माणूस, जरा वेंधळा. पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडे जांभईसुद्धा मोजून द्यावी लागते. ताई हसायच्या, पण त्या हसण्यात थोडा अभिमानही असायचा.

एकदा दुकानातल्या मैत्रिणीकडे ताईंनी पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक बर्फाबरोबर हलवून केलेलं पेय घेतलं. घरी येऊन दुसरीच कुठली तरी पांढरी रम आणून तसंच केलं, तर ती मजा नाही. मास्तर म्हणाले, रम ती रम, पांढरी ती पांढरी, त्यात काय बघायचंय. ताईंना असलं बोलणं सहन होत नसे. त्यांनी ठरवलं की बाजारातल्या पाच पांढऱ्या रम आणायच्या आणि घरच्या घरी मिसळायला कोणती उत्तम ते शोधून काढायचंच. नुसती चाखून रम कळत नाही, ती लिंबात घातल्यावर कळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे धाकट्याच्या कानावर गेलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. धाकटा रमच्या कारखान्यात मिश्रण विभागात होता. वेगवेगळ्या पिंपांतली रम एकत्र करून तिची चव जमवायची, हे तिथलं काम. पांढरी रम म्हणजे नुसती कोवळी रम नव्हे, असं तो तासतासभर समजावून सांगायचा. त्यांच्याकडे ती आधी लाकडी पिंपात मुरवायचे, मग लोणारी कोळशातून गाळून तिचा रंग काढायचे. जास्त गाळली तर रंगाबरोबर चवही जाते, कमी गाळली तर पिवळसर राहते. त्याने दोन वर्षं खपून स्वतःची एक रम जमवली होती. मालकांनी जाहीर केलं होतं की नवी पांढरी रम काढायची आहे, विभागातल्या कोणीही एक नमुना द्यावा, सहा आठवड्यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत. ज्याचा नमुना निवडला जाईल त्याला मिश्रणाचं काम स्वतःच्या हाताखाली मिळणार होतं. धाकट्याला आपल्या रमविषयी धाकधूक होती. ती लिंबापुढे टिकेल का, हे त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी जिभेने जाणून घ्यायचं होतं, आणि जगात एकाच जिभेवर त्याचा विश्वास होता. त्याने मास्तरांच्या हातात एक बाटली दिली आणि विनवलं की ही त्या पाचांत मिसळा, कितवी ते ताईला सांगू नका. ती नापास म्हणाली तर मी नमुना देणारच नाही.

मास्तरांनी सहाही बाटल्यांना खाकी कागद गुंडाळले आणि चिठ्ठ्या टाकून नंबर घातले. धाकट्याच्या वाट्याला सहा आला. दर रविवारी संध्याकाळी पाचला एक बाटली उघडायची, त्याहून जास्त नाही. माझी जीभ पहिल्या पेल्यापुरतीच खरी असते, असं ताई म्हणायच्या. लिंबू आणि पाक औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजायचे आणि रम माझ्याने. मास्तर टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून लाटण्याने फोडायचे, झाकणाच्या डब्यात सगळं घालून वीस मोजेपर्यंत हलवायचे आणि गाळून द्यायचे.

त्या पाच रविवारी मी जितका खूश होतो तितका आयुष्यात कधीच नव्हतो. ताई वहीत लिहायच्या आणि मास्तरांना वाचून दाखवायच्या. एक नंबरला पिकल्या केळ्याचा वास होता, साखर घालण्याआधीच गोड लागायची. दोन नंबर इतकी साफ होती की लिंबात गेल्यावर कुठे गेली ते हुडकायची वेळ आली. तीन नंबर नुसती घेतली तर छान, व्हॅनिलासारखी, पण लिंबाशी तिची काही केल्या गट्टी जमेना. चार नंबरला ताज्या उसाचा हिरवा, झणझणीत वास. मास्तर तिच्यावर भाळले होते, पण ताईंनी लिहिलं की एका पेल्यापुरती ठीक, दुसरा नको. पाचवीवर त्या बराच वेळ थांबल्या आणि त्यांनी लिहिलं की ही लिंबाशी भांडत नाही आणि त्याच्यापुढे हातही जोडत नाही. प्रत्येक वेळी मला धुऊन, पुसून त्या खिडकीत पालथा ठेवायच्या आणि मास्तरांना सांगायच्या की बाकी काहीही चुकेल, हा पेला चुकायचा नाही. हे ऐकायला मी रविवारची वाट बघायचो.

सहाव्या रविवारी निकाल ऐकायला धाकटा स्वतः येणार होता. दुसऱ्या दिवशी अकराला नमुना द्यायचा होता. मास्तरांची धांदल उडाली. बर्फ जास्त लागणार होता, लाटणं कणकेने माखलेलं, आणि दारावरची घंटा वाजलेली. ओट्यावर हाताशी मी होतो. त्यांनी मला उचललं आणि माझ्या बुडाने टॉवेलमधल्या बर्फावर तीन-चार सणसणीत दणके दिले. बर्फ फुटला. माझं बूडही आत गेलं. खालून बघितलं तर नुसता खळगा, पण आत माझ्या पोटात चांगली टेकडी उठली होती. मास्तरांनी मला टॉवेलने पुसून जागेवर ठेवलं आणि दार उघडायला धावले. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी बुडाकडे बघितलंच नाही.

ताईंनी सहाव्या बाटलीतून माझ्यात रम ओतली. नेहमीसारखा डोळा रेघेच्या पातळीला आणला, श्वास रोखला आणि बरोबर रेघेवर हात थांबवला. रेघ खरीच होती. खोटं रेघेच्या खाली होतं, आणि ते मला माहीत होतं. तीन पेयं केली, तीनदा मी रेघेपर्यंत भरलो आणि तीनदा दहा मिली कमी दिले. लिंबू आणि पाक मात्र झाकणाने नेहमीइतकाच पडला.

ताईंनी एक घोट घेतला, मग दुसरा. धाकट्यानेही घेतला. त्याला वासावरून आपली रम कळली असणार, पण तो शब्दाला बांधलेला, चेहरा कोरा ठेवून बसला. ताई लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागल्या. वास छान, पण घशाखाली उतरेपर्यंत नुसतं लिंबूच उरतं. लिंबापुढे उभीच राहत नाही. पाणचट. सहा नंबरला पुन्हा घरात आणू नये.

मास्तर खाकरले. कोणत्या नंबरात कोणती रम याची यादी त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. ताईंनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन बाजूला ठेवून भावाचा हात धरला. धाकटा हसायचा प्रयत्न करत होता. खरं बोललीस ते बरं झालं, मलाही आज तशीच लागली, असं तो म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं,

"ताई, माप बरोबर होतं ना?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. बुडत्या माणसाने हात पुढे करावा तसं ते विचारणं होतं. पण ताईंना ते लागलं. त्यांनी मला उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"बारा वर्षं औषधं मोजतेय मी. हा पेला चुकत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय केलं माहितीये? मला अभिमान वाटला. पोटात टेकडी घेऊन बसलेला मी, ते वाक्य ऐकून सुखावलो. आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. पुढे जे सांगणार आहे त्याच्यापेक्षा मला याचीच लाज जास्त वाटते.

सोमवारी सकाळी ताई आदल्या दिवसाची भांडी घासायला ओट्यापाशी आल्या. मला आतून पुसताना त्यांचा अंगठा अडला. त्यांनी मला उजेडाकडे धरलं, आत बघितलं, उलटा करून बूड बघितलं. मग कपाटातून काचेची मोजनळी काढली, मला रेघेपर्यंत पाण्याने भरलं आणि ते पाणी नळीत ओतलं. पन्नास. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पन्नासच. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते.

त्यांनी फोन उचलला. धाकट्याचा नंबर लावलाही, आणि घंटा वाजण्याआधी बंद केला. काय सांगणार होत्या? आदल्या संध्याकाळी ज्याच्या तोंडावर बारा वर्षं फेकली, त्यालाच सकाळी फोन करून सांगायचं की माप खोटं होतं? त्या स्टुलावर बसल्या आणि स्वतःची समजूत घालू लागल्या. दहा मिलीने काय होतंय. चव ती चव. नाहीतरी ती पाणचटच निघाली असती. नमुना दिला असता आणि मालकांनी सगळ्यांसमोर नाकारला असता तर त्याला जास्त लागलं असतं. हे सगळं त्या पुटपुटत होत्या आणि मी शेजारी ओट्यावर ओला पडलो होतो. आठ वाजता त्या दुकानात गेल्या. साडेअकरा वाजता मास्तरांना धाकट्याचा फोन आला की नमुना दिला नाही, ताईचं बरोबर होतं, तिला सांगा की वाईट वाटून घेऊ नकोस.

त्यानंतर मी खणात गेलो. ओट्याखालचा शेवटचा खण, जिथे तुटक्या गाळण्या आणि दांडा निघालेले चमचे असतात. मास्तरांनी एकदा पेला कुठे गेला म्हणून विचारलं तेव्हा ताईंनी सापडत नाही म्हणून सांगितलं. ताईंना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण सहावी बाटली त्यांनी फेकली नाही. एका दुपारी मास्तर शाळेत असताना त्यांनी तीच रम काचेच्या नळीने मोजून नीट साठ घेतली. खणाच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते आणि डबा हलवल्याचा आवाज येत होता. मग त्या रडायला लागल्या. सहाही बाटल्यांत हीच उत्तम, असं त्या पुटपुटत होत्या. लिंबापुढे उभी राहायची आणि लिंबालाही गोडीने बोलतं करायची. त्यांनी झाकण घट्ट लावून बाटली कपाटात मागे ठेवली, आणि तेव्हाही फोन केला नाही. आता तर सांगायला आणखीच उशीर झाला होता.

पाच महिन्यांनी धाकटा एका रविवारी आला. त्याने स्वतःहून मिश्रण विभाग सोडला होता आणि तो भरणी विभागात बाटल्यांवर बुचं बसवत होता. आता तेही सोडणार होता. व्हिनेगरच्या कारखान्यात जागा होती, पुढच्या आठवड्यात कळवायचं होतं. मास्तर म्हणाले, अरे पण तुझं नाक, तुझी जीभ, त्याचं काय? धाकटा म्हणाला,

"भावोजी, जिभेचं काय घेऊन बसलात. स्वतःची पाणचट रम मला दोन वर्षं उत्तम लागत होती. असल्या जिभेचा काय भरवसा?"

हे ऐकलं आणि ताई उठल्या. त्यांनी शेवटचा खण उघडला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर भावापुढे ठेवलं. आत अंगठा घालून बघ, एवढंच त्या म्हणाल्या. धाकट्याने अंगठा घातला. त्याला सांगायची गरज पडली नाही. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि बर्फाचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. ताईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि पुढचं स्वतः सांगितलं. पन्नास भरतात. तुझी रम मी नंतर नीट मोजून घेतली. ती सहांत पहिली आहे.

धाकटा मला हातात फिरवत होता. त्याचा चेहरा आधी उजळला, मी तो अगदी जवळून बघितला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो उजेड हळूहळू गेला.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"सकाळी?"

"हो."

"किती वाजता?"

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू ते त्यांच्याऐवजी सांगणार होतं.

"साडेसात."

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. धाकट्याने मला टेबलावर ठेवलं, अगदी सावकाश, दणका लागणार नाही असं. तो उठला, चपला घातल्या, जिना उतरायला लागला. चार पायऱ्यांवर थांबला आणि परत वर आला. दारातच उभा राहून म्हणाला,

"माप खोटं निघालं, एवढंच सांगायचंस ताई. पुढचं माझं मी बघितलं असतं."

मग त्याने बाटलीत जे काही उरलं होतं ते मागितलं. ताईंनी बाटली कपाटातून काढून दिली. ती काखोटीला मारून तो गेला.

तो व्हिनेगरच्या कारखान्यात गेला नाही, एवढं मास्तरांकडून कळलं. बाटली घेऊन मालकांना भेटला होता. मालकांनी चाखली आणि सांगितलं की नवी रम तर बाजारात गेली, आता पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ कधी येईल ते कोणालाच माहीत नाही. रविवारी तो आता येत नाही. सणसणीत भांडला असता तर ताईंना बरं वाटलं असतं, पण तो भांडलाही नाही. त्यांचा फोन मात्र तो उचलतो, दोन वाक्यं बोलतो आणि ठेवतो.

मला मास्तर ठोकून सरळ करून आणणार होते. ताई नको म्हणाल्या. आता मी कपड्यांच्या साबणाच्या डब्यात असतो. तिथे दहा मिली कमी-जास्त झाले तरी कोणाचं काही बिघडत नाही. साबणाच्या पावडरीने माझी चकाकी गेली आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात की आम्हाला जपा, आपटू नका, फेकू नका. ते करा, बर्फ फोडायला लाटणं घ्या, आमची हरकत नाही. पण हातून पेल्याला पोचा पडलाच, किंवा दुसऱ्याने पाडलेला तुमच्या अंगठ्याला लागला, तर लाज वाटली तरी सांगून टाका. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. साडेसातला कळलं तर साडेसातलाच सांगा. तेव्हा अजून अकरा वाजलेले नसतात.